भिंत सोलायला घेतली

३ फेब्रुवारी

आज सकाळी पश्चिमेच्या भिंतीचा ताटाएवढा गिलावा ह्यांच्या उशीवर पडला. हे दोनच मिनिटांपूर्वी उठून चूळ भरायला गेले होते. मी आवाजाने धावले तर उशी पांढरी, चादर पांढरी आणि भिंतीत मांजर बसेल एवढा खड्डा. हे दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभे. म्हणाले, "राहू दे, मी झाडतो." जसं काही भिंत त्यांनीच सांडली होती.

डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं की ह्यांचा खोकला औषधाने हटणार नाही, घरातली ओल हटली तरच हटेल. तसं होत नसेल तर घर बदला. लेकीला फोनवर हे कळल्यापासून तिने एकच धोशा लावलाय: घर विका, आमच्याकडे या. तिच्याकडे आम्हाला बाल्कनी बंद करून केलेली खोली मिळेल. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचे पाईप.

म्हणून ही वही काढली. गोदीच्या भांडारात मी अठ्ठावीस वर्षं माल उतरवून घेत होते. खराब निघाला तर परत पाठवत होते. लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं, ही तेव्हाची सवय. तर लिहून ठेवते: मी घर सोडणार नाही, ह्यांनाही सोडणार नाही, आणि त्या भिंतीला तर मुळीच सोडणार नाही.

६ फेब्रुवारी

भावजींकडे बैठक. आमची सहा जोडघरं, एकाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला चिकटलेली, आणि सगळ्यांची पाठ समुद्राकडे. भावजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहतात आणि रांगेचे अध्यक्ष आहेत. त्यांनी एक ठेकेदार आणला होता. कडक इस्त्रीचा सफारी, हातात रंगीत कागदांची फाईल. तो सहाही घरांना बाहेरून आणि आतून कसल्याशा रसायनाचा लेप देणार. दहा वर्षांची हमी.

मी विचारलं, भिंतीच्या आत आज जी ओल आहे, ती कुठे जाईल?

"मॅडम, ती आतच राहील," सफारीवाला हसून म्हणाला.

"तीच तर माझी तक्रार आहे," मी म्हटलं.

सफारीवाल्याने फाईल पुढे सरकवली. पाचजणांनी सह्या केल्या. भावजी म्हणाले, "वहिनी, सहाही घरं आली तरच हमी मिळते. तुमच्या एका सहीसाठी सगळं अडलंय." मी पेन त्यांच्या हातात परत दिलं. हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून जमिनीच्या फरश्या मोजत होते.

१० फेब्रुवारी

स्वतः ठेकेदार शोधते आहे. पहिला आला तो फाटकातूनच म्हणाला, सगळं पाडा. दुसऱ्याने भिंतीला बोटही लावलं नाही. मोबाईल धरून मोजमाप घेतलं आणि खालपासून वरपर्यंत टाईल लावू म्हणाला, अगदी बाथरूमसारखं चकाचक. मी सांगितलं, झोपायच्या खोलीत आंघोळ करायचा आमचा विचार नाही.

दोघंही चहा मात्र पिऊन गेले.

१४ फेब्रुवारी

पोस्टाची जुनी इमारत मध्यंतरी दुरुस्त झाली. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी एका ठेकेदारणीचं नाव दिलं होतं, ती आज आली. पन्नाशीची, ठेंगणी, केसांना घट्ट फडकं बांधलेलं. घमेली वाहायला लागली तेव्हा सतरा वर्षांची होती म्हणे. आता हाताखाली चार गवंडी आणि तीन बाया आहेत. चहा नको म्हणाली, आधी भिंत दाखवा.

तिने भिंतीवर तळवा टेकवला. मग बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. कुठे टणक आवाज, कुठे बद्द. शेवटी खड्ड्यातल्या चुऱ्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"किती वर्षं झाली ह्या गिलाव्याला?"

"अकरा."

मग तिने समजावलं. घर जुनं, विटा जुन्या, सांध्यात चुना. अशी भिंत ओल घेते आणि वाऱ्याला देऊन टाकते. तिच्यावर जाड सिमेंट थापलं आणि वर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते. पाणी वाळतं, मीठ उरतं, मीठ फुगतं आणि आतून गिलावा ढकलतं. "माणसाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर विचारायचं, घाम का आला!"

मी म्हटलं, चांगल्या गवंड्याचं काम आहे हो हे. तेव्हा ह्यांचा खोक्यांचा कारखाना नुकताच बंद झाला होता आणि मी लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने गेले होते. परत येते तो भिंती आरशासारख्या गुळगुळीत. ह्यांनी कुणी कसबी माणूस गाठला होता. नंतर तो परदेशी गेला म्हणे. रांगेतल्या सगळ्यांना घरी बोलावून मी भिंती दाखवल्या होत्या. ह्यांच्या हातांची मात्र तेव्हा सालं निघत होती, कपड्यांचा साबण बाधला होता. मी नसताना बिचाऱ्यांना सगळं स्वतः धुवावं लागलं.

ठेकेदारणीने खड्ड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "जीव लावून केलंय. पण वाळू समुद्राची आहे. आणि सिमेंट भीतभीत जास्त घातलंय. नवशिका असं करतो."

कसबी माणसाला नवशिका म्हणाली हे मला खटकलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, पण हे डोक्यावर टोपीही न घेता भर उन्हात फिरायला निघून गेले होते.

तिच्या अटी: ह्या खोलीच्या चारही भिंतींचा गिलावा पूर्ण काढायचा. निदान पाच आठवडे विटा उघड्या ठेवायच्या, रोज फुटून येणारं मीठ झाडायचं. मग चुन्याचा गिलावा. ऑइलपेंट जन्मात नाही. आणि जाताना म्हणाली, "खालची हातभर भिंत थोडी ओली राहीलच, ते आधीच सांगते. समुद्राला मी काही सांगू शकत नाही."

१६ फेब्रुवारी

नमुना बघितल्याशिवाय माल घ्यायचा नाही. तिला न सांगता तिची तीन कामं बघून आले. दोन ठिकाणी कौतुक झालं, त्याचं मला काही वाटलं नाही. कौतुक करायला कुणाचं काय जातं? तिसऱ्या घरातला म्हातारा मात्र अर्धा तास तिच्या नावाने कडाकडा बोटं मोडत होता. उशिरा येते, तोंड फार, तिच्याच गवंड्याने केलेली भिंत तिने एकदा उतरवून परत करायला लावली, दहा दिवस धूळ जास्त खाल्ली.

मी विचारलं, भिंत कशी आहे?

"भिंतीला काय धाड भरलीय?" म्हातारा म्हणाला.

काम तिलाच द्यायचं.

१९ फेब्रुवारी

ह्यांच्याशी वाद. आमच्यात सहसा वाद होत नाही, कारण मी बोलते आणि हे उठून जातात. आज गेले नाहीत. म्हणाले, एवढं सगळं फोडायची गरज काय? पडला तेवढा तुकडा भरून घेऊ. नाहीतर भाऊ म्हणतो तो लेप लावू, भिंत झाकलेली राहील.

मी म्हटलं, झाकूनच इथवर आलोय.

"त्या माणसाने कष्ट केले होते," हे म्हणाले. आवाज चढला आणि लगेच खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं. अकरा वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या गवंड्याचा एवढा पुळका! खरं कारण मला ठाऊक आहे. धाकट्या भावासमोर उभं राहायची ह्यांची कधी छाती झाली नाही.

दुपारी ठेकेदारणीला बोलावलं. काय काय करायचं आणि काय करायचं नाही, ते मी दोन पानांवर लिहून ठेवलं होतं. तिने ओळ न ओळ बोट ठेवून वाचली, 'समाधानकारक' ह्या शब्दावर थांबली आणि तो खोडायला लावला. म्हणाली, समाधान तुमचं की माझं, ह्यावरूनच भांडणं होतात. तिथे 'कोरडी' लिहा. मग सावकाश एकेक अक्षर काढून सही केली.

२६ फेब्रुवारी

काम सुरू. ह्यांची खाट पुढच्या खोलीत, मधल्या दाराला ओली चादर. छिन्नीच्या पहिल्या घावाला मी स्वयंपाकघरात निघून गेले, खोटं कशाला लिहू? दुपारपर्यंत अर्धी भिंत जमिनीवर.

एक गंमत झाली. खिडकीजवळ गवंडी जोरात हातोडा घालणार, तोच हे चादर बाजूला सारून आत आले. "तिथं जपून. आत जाळी आहे, हाताला लागेल." आणि खरंच तारेची जाळी निघाली. मी म्हटलं, तुम्हाला बरं आठवतं! म्हणाले, तेव्हा त्या माणसाच्या मागे उभा असायचो. ठेकेदारीण ह्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने गवंड्यांना सांगितलं की आजपासून भिंतीला नावं ठेवायची नाहीत, मुकाट काम करायचं. तिच्या तोंडी हे ऐकून सगळेच चकित झाले.

५ मार्च

अध्यक्षांचं पत्र. शेजारच्या दारातून हात लांब करून द्यायचं सोडून पोस्टाने पाठवलंय. धूळ, आवाज, जोडभिंतीला धोका, लेपाची हमी खोळंबली. काम थांबवा.

थांबवलं नाही. दुपारपासून रांगेच्या टाकीतून येणारं आमचं पाणी बंद. विचारलं तर भावजी म्हणाले, "वहिनी, पंप बिघडलाय." पाच घरांना पाणी येतं आणि एकाच घरापुरता पंप बिघडतो! मी, ठेकेदारीण आणि तिच्या तीन बाया, अशा पाचजणींनी रस्त्यावरच्या नळावरून बादल्या आणल्या. प्रत्येक खेप मुद्दाम भावजींच्या दारावरून नेली. सांडलं तेही तिथेच.

१२ मार्च

चुन्यासाठी वाळूची गाडी आली. मी चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली आणि थुंकले. खारट. ठेकेदारीण मागच्या दारी होती, तिला हाक मारली. तिनेही चाखली, गाडीवाल्याला दोन शब्द ऐकवले आणि गाडी आल्या पावली परत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, नोकरी करता का माझ्याकडे?" ह्या वयात कुणी नोकरी देऊ केली, बरं वाटलं.

हे फाटकाशी उभे होते. "चवीनं कळतं?" त्यांनी विचारलं.

"न धुतलेली असली तर लगेच."

गाडीतून सांडलेली थोडी वाळू त्यांनी उचलली. चाखली नाही, नुसती मुठीत धरून उभे राहिले. मी आत येऊन भात टाकला, उतरवला, तरी बाहेरच.

२० मार्च

भिंती नागड्या. रोज सकाळी विटांवर पांढरं मीठ फुललेलं असतं, पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखं. मी झाडते, सुपलीत भरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. संपतच नाही. ह्यांचा खोकला होता तसाच आहे. काल लेक म्हणाली, "आई, तुझा हट्ट बाबांच्या छातीवर चाललाय."

फोन ठेवला तरी ते वाक्य ठेवता येईना. तिचं खरं असेल तर? मी गोदीत असताना एकदा हट्टाने दोरखंडांची अख्खी खेप परत पाठवली होती आणि नंतर कळलं की माल चांगला होता. ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

ठेकेदारणीला विचारलं, हे मीठ कधी संपेल? म्हणाली, अकरा वर्षं कोंडलंय, त्याला बाहेर पडायला थोडा वेळ द्या. तिचं बघणं माझ्याकडे नव्हतं, पुढच्या खोलीकडे होतं.

२९ मार्च

आज मीठ निम्म्याहून कमी. सुपली भरली नाही.

२ एप्रिल

रात्र बरीच झाली आहे, तरी आजच लिहिणार.

संध्याकाळी भावजींकडे सहाही घरांची बैठक. ठराव आधीच टाईप केलेला. भावजींनी उभं राहून वाचला: सहाव्या घराने तज्ज्ञ कारागिराकडून करवून घेतलेलं मूळचं भक्कम काम विनाकारण फोडून सर्वांच्या घरांना धोका निर्माण केला आहे, तरी काम ताबडतोब बंद करून लेपासाठी सही द्यावी. न दिल्यास पाणी कायमचं तोडावं. मी उत्तर तयार करून नेलं होतं, चांगलं चार पानांचं. उठणार, तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतः उभे राहिले. भावाच्या घरात हे बैठकीत उभे राहिलेले मी आजवर पाहिले नव्हते.

"तो तज्ज्ञ मीच," हे म्हणाले.

भावजींना वाटलं, दादा थट्टा करतोय.

मग हे बोलले. फार नाही, पण एका दमात. कारखाना बंद झाला. ही लेकीकडे गेली. सकाळ झाली की जायला जागा नाही. पलीकडे एक बांधकाम चालू होतं, तिथं उभं राहून बघितलं, घरी येऊन करून बघितलं. वाळू किनाऱ्यावरून पिशव्यांनी आणली. ही परत येईल तेव्हा घरात काहीतरी बरं झालेलं दिसावं, एवढंच डोक्यात होतं. ही खूश झाली, लोकांना बोलावून दाखवायला लागली, मग सांगायची हिंमत राहिली नाही.

"भिंत मी मारली," हे म्हणाले. "आता ती उठते आहे. आड कुणी येऊ नका." आणि भावजींकडे वळून, "तूही नको."

इतकं बोलून खोकत खाली बसले. भावजींच्या हातातला कागद वाचून झाला होता तरी ते तसाच धरून उभे. पलीकडच्या घरातल्या म्हातारीने मात्र विचारलं, "मग माझ्या भिंतीत ओल कशी? तिथं तर ह्यांनी हात लावला नाही." भावजींनी कागदाची घडी घातली. ठराव मताला टाकलाच नाही.

मी माझी चार पानं तशीच परत आणली.

३ एप्रिल

मी रागावले आहे. अकरा वर्षं! त्या गवंड्याचं मी किती कौतुक केलं. त्याचा पत्ता मागितला, तर ह्यांनी परदेशी धाडून दिलं त्याला. खोटा माल मी एका नजरेत ओळखते, अशी माझी गोदीत ख्याती होती.

कालपासून ह्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढते, औषध देते, पाणी कोमट करून देते. बोलत नाही.

आणि ह्यांनी? सकाळी मी उठायच्या आत भिंतीवरचं मीठ झाडून सुपली धुऊन ठेवलेली होती.

८ एप्रिल

पंप आपोआप दुरुस्त झाला. मी आभार मानले नाहीत. सफारीवाल्याने पाच घरांवर मिळेल ती हमी देऊन लेप सुरू केला. दोन दिवसांत त्यांच्या भिंती अशा चमकायला लागल्या की बघून डोळे दिपतात. म्हातारी माझ्या दारात येऊन आमच्या विटांना हात लावून गेली.

आमचा चुना आजपासून. ठेकेदारीण थर पातळ घेते, थांबते, पाण्याचा हबका मारते, परत घेते. सिमेंटसारखी घाई ह्याला चालत नाही.

मी तिला सांगितलं की खिडकीच्या उजवीकडची दोन हात जागा सोडून दे. का, ते तिने विचारलं नाही. मीच आपणहून सांगितलं, तिथं मला नंतर कपाट लावायचंय. तिने मान डोलावली आणि जाताना आपली एक थापी खिडकीत ठेवून गेली. वेंधळी कुठली.

१७ एप्रिल

ह्यांनी त्याच थापीने ती दोन हात जागा लिंपली. पहिला थर ठेकेदारणीने खरवडून काढायला लावला. दुसराही. "भाऊ, दाबू नका. चुना दाबायचा नाही, बसवायचा. आणि भिऊन जास्त घेऊ नका, भिंत कुठं पळून जात नाही." आपल्या गवंड्यांवर ओरडते तशीच ओरडली, काडीची सवलत दिली नाही. तिसऱ्या वेळी बघितलं, अंगठा फिरवला आणि काही न बोलता पुढच्या भिंतीकडे गेली. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी बघितला नाही. म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून जेवढा दिसला तेवढाच.

तेल आणि रबरी हातमोजे मीच आणून ठेवले होते. चुना हाताला लागतो.

१२ मे

काम पुरं. खालची हातभर भिंत दमट आहे. तिने सांगितलं होतं तेवढीच, एक बोट जास्त नाही. खोलीला आता वास नाही. हे पुन्हा त्या खोलीत झोपतात. खोकला गेलेला नाही, पण काल गच्चीचा जिना न थांबता चढले. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. बघूच. लेकीला सांगितलं की बाल्कनीची खोली मुलांना खेळायला दे.

ठेकेदारीण गेली. निघताना माझा हात हातात घेतला, तिचा तळवा खरखरीत आणि गार. तिला पुढचं काम मिळालंय, ह्याच किनाऱ्यावर, चार घरं. वाळू बघायला याल का, असं तिने परत विचारलं. सोमवारी जाणार आहे.

१५ मे

रांगेचं पत्र. सहाही घरं एकसारखी दिसावीत म्हणून सहाव्या घरानेही पंधरा दिवसांत फिकट निळा ऑइलपेंट लावावा. खाली अध्यक्षांची सही.

मी वही ओढणार, तोच ह्यांनी पेन घेतलं. म्हणाले, मी लिहितो. दोन ओळी लिहिल्या, त्या मी ह्या वहीतही उतरवून ठेवते:

"आमच्या भिंतीला ऑइलपेंट लागणार नाही, आज नाही आणि नंतरही नाही. कृपया नोंद घ्यावी."

मी 'कृपया' खोडला. ह्यांनी तो परत लिहिला. राहू दिला. भाऊ त्यांचा आहे.